बावीस पायऱ्या

पदर लागला. झालं ते एवढंच, आणि तेही पापणी लवते न लवते तोच. शोभाच्या डाव्या हातात सरांच्या पोटातून बाहेर आलेली वीतभर नळी होती. तिची टोपी नुकतीच काढलेली. उजव्या हातात वर टांगलेल्या औषधी पाण्याच्या पिशवीची नळी. ही दोन उघडी तोंडं एकमेकांना जोडायची, की बाकीचं सगळं आपोआप होत जातं. मास्कच्या आत, ओठातल्या ओठात ती म्हणत होती, अकरा, टोपी काढणे. बारा. आणि बाराचं पुढचं ओठांवर यायच्या आत फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि कोणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, "सर हायेत का घरी?" बारा पुसलं गेलं. डोकं कोरं झालं. आणि कोऱ्या डोक्यानं तिनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती, ती पहिल्यापासून सुरू झाली. एक, दार लावणे. दोन, खिडकी लावणे. खिडकी लावलीय का ते पाहायला ती अर्धी वळली, वळताना डावा हात अंगाजवळ आला, आणि नळीचं उघडं तोंड खांद्यावरून सुटलेल्या पदरावर टेकून गेलं. तिला ते दिसलं. दिसलं नाही असं तिला पुढे कधीच म्हणता आलं नसतं. तीन, पंखा बंद करणे, असं म्हणत ती भराभर अकरापर्यंत आली, तिनं दोन्ही नळ्या जोडल्या आणि चिमटा उघडला.

मे महिन्यातले संध्याकाळचे पाच म्हणजे यवतमाळला संध्याकाळ नव्हेच. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद, आणि त्या भट्टीत पलंगावर शर्ट वर करून पडलेले सर. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि शोभाही मनातल्या मनात सरच म्हणायची. तोंडानं 'अहो'. पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत यायला लागलं, फिकट पिवळं, स्वच्छ. सर बंद दाराकडे तोंड करून ओरडले, "कोण आहे? बसा बाहेर, वीस-पंचवीस मिनिटं!" दाराबाहेरून उत्तर आलं की आपण बोरी अरबचा किसनसिंग राठोड, नव्वद सालच्या बॅचचा, पोरीचा बारावीचा निकाल लागला, पेढे आणले आहेत. सरांचा चेहरा उजळला. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून तो फार क्वचित उजळत असे. त्यांनी शोभाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं असं तिला वाटलं, आणि विचारलं, "झालं ना नीट?" ती मान हलवून हो म्हणाली. मास्क होता म्हणून बरं. नाहीतर तिच्या वरच्या ओठावर साचलेला घाम त्यांना दिसला असता.

थांबायला हवं होतं. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असण्याचाच तर सगळा त्रास होता. दवाखान्यात हे पाणी बदलायला शिकवणाऱ्या जया सिस्टरनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "काकू, हात लागला, कपडा लागला, कायबी लागलं, तर तिथंच थांबा. जोडू नका. चिमटा लावा अन् मले फोन करा. मी ओरडत नाही कोणावर. नळीचा खालचा तुकडा बदलून देतो, औषध देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण लपवलं ना, तर पोटात पू होते." जया फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. तिशीच्या आतबाहेरची, काळी, चपळ, बोलायला सडेतोड. ती शिकवायला लागली की शोभाला विचित्र वाटायचं, कारण ती शिकवतेय असं वाटतच नसे. पहिल्या दिवशी तिनं नकली पोट लावलेला रबरी पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता हे चुकून दाखवा." शोभाला कळेना. "चुकून दाखवा म्हणजे?" "म्हणजे मुद्दाम चुका. कुठं कुठं चुकता येते ते सगळं पाहून घ्या. एकदा चुकलं की तो रस्ता ओळखीचा होते." मग ती मधूनच विचारायची. एकदम सातवं. मग सोळावं. मग, पाणी यायचं थांबलं तर काय कराल? मग अर्धा तास दुसऱ्याच गप्पा, चहा, आणि गप्पा रंगात आल्या की अचानक, "काकू, टोपी काढल्यावर वीज गेली. आता?" शोभा चाचपडायची, चुकायची, आणि जया हसून म्हणायची, "पुरणाची पोळी कशी शिकल्या तुम्ही?" शिकले कुठं, फाटत फाटत आली, असं शोभा म्हणाली. "मंग? हेबी दहा वेळा फाटू द्या. इथं फाटलं तर काय बिघडत नाही." त्या चार दिवसांत शोभाला कितीतरी वर्षांनी वाटलं होतं की आपण अगदीच दगड नाही.

पण संध्याकाळी सर होते. सरांना शिकवण्याचं हे सोंग मान्य नव्हतं. छत्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक, आणि निवृत्तीनंतर दारव्ह्यापासून महागावपर्यंत शाळाशाळांतून 'अभ्यास कसा करावा' ह्यावर व्याख्यानं देत फिरलेला. शाल, नारळ, टाळ्या. व्याख्यानात ते फार सुंदर बोलायचे. चुकणारा विद्यार्थी मला आवडतो, असं म्हणायचे, आणि मुलं त्यांच्याकडे अशी पाहायची की मागच्या रांगेत बसलेल्या शोभालाही क्षणभर ते खरं वाटायचं. घरी मात्र एकच पद्धत होती. पाठ करायचं. क्रमानं करायचं. आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी दवाखान्यातून मिळालेला छापील कागद बाजूला सारला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात बावीस पायऱ्यांचा तक्ता केला. दार लावणे इथून सुरू होऊन वहीत नोंद करणे इथे संपणारा. चौकात जाऊन त्यावर प्लास्टिक चढवून आणलं त्यांनी, स्वतः, हातांच्या बंद पडलेल्या शिरांवर पट्ट्या असताना, रिक्षात बसून. तो तक्ता पलंगासमोर टांगला आणि शोभाला म्हणाले, "म्हण." ती म्हणायला लागली. नवव्याला अडली. "पहिल्यापासून." ती पुन्हा सुरू झाली. चौदाव्याला अडली. "पहिल्यापासून." तीन दिवसांत तिला बावीसच्या बावीस अशा येऊ लागल्या की कुकरची शिट्टी मोजतानासुद्धा त्या तोंडातून बाहेर पडत. एक ओढली की पुढची येते, पुढची ओढली की तिच्या पुढची. फक्त मधूनच एखादी मागितली की सगळी साखळी घरंगळून पडायची. सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मधून विचारणं ही त्यांच्या लेखी परीक्षकाची खोडी होती.

जयाला पटलं नव्हतं. पाचव्या दिवशी सरांनी दवाखान्यात, सगळ्यांसमोर, शोभाकडून तक्ता म्हणून घेतला. एक ते बावीस, न अडखळता, आणि बाजूच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. जयानं टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाली, "सर, काकूंचं तोंड पाठ झालं. हाताचं अजून चार दिवस राहू द्या." सर हसले. त्या हसण्यानं शाळेतले कितीतरी नवे शिक्षक जागच्या जागी विरघळले होते. "सिस्टर, तिचं झालंय. मी घरी आहे ना लक्ष द्यायला." आणि सरांसमोर जयाच काय, डॉक्टरही फार बोलत नसत. जाताना जयानं शोभाला कोपऱ्यात घेतलं. "घरी साडी नका नेसू करताना. गाऊन घाला." शोभानं गाऊन आणलाही होता. पण पाच वाजताच्या वेळेला हमखास कोणीतरी येतं, जुने विद्यार्थी, ओळखीचे, आणि सर म्हणाले, "लोकांसमोर गाऊन? काही गरज नाही, पदर नीट घे म्हणजे झालं." पदर नीट घेणं ही पायरी त्या बावीसांत नव्हती.

पिशवीतलं नवं पाणी पोटात उतरत होतं आणि सर दाराआडूनच किसनसिंगला विचारत होते, किती टक्के, कुठं घालणार, मेडिकल करायचं की अभियांत्रिकी. किसनसिंग बाहेर उन्हातल्या पायरीवर बसून आदबीनं उत्तरं देत होता. शोभा पिशवीकडे पाहत होती. आता सांगावं. आता नाही, पाहुणा गेल्यावर. वाक्य तिनं तयार केलं, अहो, मघाशी पदर लागला. चार शब्द. ह्याच्या मागे आणि पुढे काय येणार ते तिला ऐकू येत होतं. आधी शांतता. मग चष्मा काढून पुसणं. मग, आवाज अजिबात न चढवता, "किती दिवस झाले आपल्याला शिकून?" लग्नाच्या एकतीस वर्षांत सर तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस थकतो तरी. सर फक्त विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायचे. वाट पाहण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिच्या बापाचीही तीच रीत. दारव्ह्याच्या कोर्टात पेशकार होते ते. संध्याकाळी कचेरीतून आले की ओसरीवरच्या खांबाला टेकून बसायचे आणि दोघी बहिणींना समोर उभं करायचे. विमलताई एकोणतीसचा पाढा पाण्याच्या धारेसारखा म्हणायची. शोभा सतराला अडायची, सतरा साती. पुन्हा सतरा एके सतरा. पुन्हा सतरा साती. दिवे लागायचे, स्वयंपाकघरातून भाजीचा वास यायचा, विमलताई जेवून उठायची, आणि शोभा खांबापाशी सतरा एके सतरा. आज साठीला टेकल्यावरही कोणी सतरा साती विचारलं तर तिला खालून चढत यावं लागतं. दहावीला गणितात गेली तेव्हा तिनं गुणपत्रक गव्हाच्या कोठीत, अगदी तळाला घातलं होतं. आठ दिवस. आठ दिवस घरात सगळे तेच गहू खात होते आणि ती गिळत होती. सापडल्यावर बाबा मारायचे नाहीत हे तिला ठाऊक होतं. ते विचारणार होते, तू स्वतःहून का नाही सांगितलंस? आणि ह्या प्रश्नाला जगात कुठल्याच मुलीकडे उत्तर नसतं. चूक करण्यापेक्षा चूक झाकण्याचं कसब तिनं फार लहानपणी, फार मन लावून शिकून घेतलं होतं. ते शिकवायला तक्ता लागला नाही की व्याख्यान लागलं नाही. ते रोज थोडं थोडं, भीतीनं, हाडात उतरलं. नीट शिकलेली गोष्ट विसरत नाही म्हणतात, ते ह्याबाबतीत अगदी खरं होतं.

आणि पियूष, त्यांचा एकुलता मुलगा. सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला भाषण होतं. सरांनी लिहून दिलेलं, सरांनी पाठ करून घेतलेलं. पोरगं स्टेजवर गेलं, छान सुरू झालं, आणि मध्यात कुठंतरी एक खुर्ची सरकली. तो थांबला. मग पहिल्यापासून, अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग. त्याच जागी पुन्हा थांबला. पुन्हा अध्यक्ष महाशय. तिसऱ्या वेळेला सभागृह हसायला लागलं आणि पियूष तिथंच, माईकसमोर, हाफपँटीत लघवी करून बसला. सर पहिल्या रांगेत होते. ते उठले नाहीत. शोभाच बायकांच्या रांगेतून धावत गेली आणि पोराला पदराखाली घेऊन मागच्या दारानं घरी आली. पियूष आता पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे, दर रविवारी फोन करतो आणि आईशीच बोलतो. बाबांना नमस्कार सांग म्हणतो. शोभा सांगते.

किसनसिंग गेला. सरांनी पेढ्याचा एक कण जिभेवर ठेवला, बाकीचा डबा तिच्याकडे सरकवला. कूलर सुरू झाला, वाळ्याच्या पडद्याचा ओला वास खोलीत पसरला. तक्त्यासमोर उभी राहून तिनं बाविसावी पायरी केली. वहीत वेळ लिहिली, पाण्याचं वजन लिहिलं, आणि पाण्याचा रंग ह्या रकान्यात लिहिलं, स्वच्छ. खोटं काहीच नव्हतं त्यात, पाणी स्वच्छच होतं. सर म्हणाले, "सगळं झालं?" "हो." "काही राहिलं नाही ना?" "नाही." ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. तिला वाटलं, आज ह्यांचा मूड बरा आहे, किसनसिंगमुळे.

मंगळवारचा सबंध दिवस काही झालं नाही. सकाळी सातला, दुपारी बाराला, पाचला, रात्री दहाला पाणी बदललं. दर वेळेला ती खाली आलेली पिशवी उचलून आतल्या खोलीत नेई, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवी, आणि पाण्यातून खालची अक्षरं वाचता येतात का ते पाही. ही जयाची युक्ती. अक्षरं दिसली की पाणी चांगलं. अक्षरं दिसत होती. शोभाला असं हलकं वाटायला लागलं की तिनं दुपारी सरांसाठी मीठ न घालता केलेल्या भाजीत चक्क गुणगुणत कोथिंबीर घातली. कदाचित लागलाच नसेल पदर. जवळून गेला असेल. आणि लागला असला तरी धुतलेलाच तर होता, सकाळी नेसलेली साडी, आपल्या घरात काय कोणी उकिरड्यात लोळतं? अशी वकिली ती स्वतःशी करत होती आणि त्याच वेळी प्रत्येक पिशवीखालची ओळ दोनदोनदा वाचत होती. सर त्या दिवशी फारच कमी बोलले. तक्ता म्हण म्हणून म्हणाले नाहीत. पाच वाजता, ती हात धुवून आली तेव्हा, त्यांनी एकदम विचारलं, "शोभा, तुला माझी भीती वाटते का?" ती इतकी दचकली की तिला पुन्हा हात धुवायला जावं लागलं. "काहीतरीच बाप्पा तुमचं. कायची भीती?" सर म्हणाले, "नाही, सहज." आणि शर्ट वर करून पडले. तेव्हा बोलता आलं असतं. दार उघडं होतं, आणि तेही त्यांनीच उघडलं होतं. पण ज्यानं जन्मभर दार लावून ठेवलं त्यानं एखाद दिवशी ते उघडलं की माणूस आत जात नाही, आत काय मांडून ठेवलं असेल ह्याच विचारात उंबऱ्यावर घुटमळतो.

सरांना काय उरलं होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? रक्ताच्या डायलिसिससाठी केलेली डाव्या हाताची शीर वर्षभरात बंद पडली. उजव्या हाताची चार महिन्यांत. मानेत घातलेली नळी चिघळली आणि सर आठ दिवस तापात फणफणून आले. डॉक्टर म्हणाले होते, आता पोट. पोट सांभाळा, पोटाच्या पुढे आमच्याकडे रस्ता नाही. सर त्या दिवशी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि घर येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "तुझ्यावर येऊन पडलं सगळं. तुला जमेल ना?" त्यांच्या आवाजात तेव्हा शाळा नव्हती. तिला त्यांचा इतका कळवळा आला की तिनं देवापुढे हात जोडून सांगितलं, आयुष्यात एक गोष्ट मला नीट शिकू दे, एकच.

बुधवारी सकाळी अक्षरं दिसली नाहीत. म्हणजे मथळा दिसला, खालची बारीक ओळ पुसट झाली होती, पाण्यात कोणीतरी चमचाभर ताक टाकल्यासारखी. शोभानं पिशवी उचलून खिडकीशी नेली. परत आणली. चष्मा पुसला. मग तिनं फार शांतपणे, फार नीटपणे पिशवी कापली, पाणी संडासात ओतलं, दोन बादल्या पाणी टाकलं, आणि बाहेर येऊन वहीत लिहिलं, स्वच्छ. अक्षर अजिबात हललं नाही. ही तिची स्वतःची पायरी होती, तक्त्याबाहेरची, आणि हिच्यात ती कधी अडखळली नाही. "कसं होतं पाणी?" सरांनी विचारलं. "चांगलं होतं." सर भिंतीकडे वळून पडून राहिले. त्यांनी चहा घेतला नाही.

बारा वाजता पोटातून आलेलं पाणी पाहायला वर्तमानपत्र लागलं नाही. तांदळाच्या धुवणासारखं पांढरं होतं ते. सरांचे दात वाजत होते. बाहेर पंचेचाळीसचं ऊन आणि सरांवर दोन चादरी. पोटाला नुसतं बोट लावलं तरी ते कण्हत होते. शोभानं नवं पाणी भरलं नाही. चिमटा लावला, टोपी लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन जयाला फोन केला. फोन लागेपर्यंत तिला वाटत होतं, लागू नये. "बोला काकू." "पाणी पांढरं आलं." "काकू, खरं सांगजा. काय लागलं होतं का?" "पदर." "कधी?" "परवा. पाच वाजता." जया ओरडली नाही. सांगितल्याप्रमाणे ती ओरडली नाही. "परवा," ती म्हणाली, "म्हणजे पावणेदोन दिवस झाले. अवं काकू." आणि मग लगेच कामाच्या आवाजात, "सरांले घेऊन निघा. ते पांढऱ्या पाण्याची पिशवी संग आणा, फेकू नका. सकाळचं कसं होतं?" शोभा म्हणाली, "सकाळीच गढूळ होतं. मी ओतून टाकलं." एकदा पहिलं खरं निघालं की दुसरं किती सहज येतं ह्याचं तिला नवल वाटलं. हे इतकं सोपं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

रिक्षावाल्याला फोन करून ती बाहेरच्या खोलीत आली. सरांना बसतं केलं, शर्टाची बटणं लावली. आता सांगायलाच हवं होतं, दवाखान्यात ते जयाकडून कळण्यापेक्षा. "अहो," ती खाली मान घालून शेवटच्या बटणाशी बोलली, "परवा ते किसनसिंग आले तेव्हा, माझा पदर." "माहीत आहे," सर म्हणाले. बटण तिच्या बोटातून सुटलं. "मी पाहिलं होतं. मी समोरच तर पडलो होतो." त्यांना बोलताना धाप लागत होती, पण वाक्यं पुरी होती, नेहमीसारखी. "तू सांगतेस का पाहत होतो. म्हटलं, आज सांगेल. मी दोनदा विचारलं तुला. काल तर." ते थांबले, पोट धरून. "मी बोललो असतो तर तू शिकली नसतीस. माणूस स्वतःहून कबूल करतो तेव्हाच शिकतो, शोभा."

तिला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. परवा रात्री, काल सकाळी, दुपारी, पाचला, रात्री, आज सकाळी, आता. सात वेळा हा माणूस शर्ट वर करून तिच्यापुढे पडला होता. नळीत काय गेलं ते त्याला ठाऊक होतं, पोटाच्या पुढे रस्ता नाही हे ठाऊक होतं, आणि तो पडल्या पडल्या तिची परीक्षा घेत होता. कालचा तो प्रश्न, भीती वाटते का, तो कळवळा नव्हता, प्रश्नपत्रिकेतला सोपा प्रश्न होता, नापास होणाऱ्याला वर काढायला घातलेला. किंवा कळवळाही असेल. हेच तर भयंकर होतं की तोही असेल. आपला जीव पणाला लावून त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि ह्याच्यासाठी तिनं त्यांचे पाय धरावेत असंही कुठंतरी त्यांना वाटत असणार. शोभाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिला राग आला, असा राग की समोरचा तक्ता, पलंग, पलंगावरचा माणूस सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं झालं. "मी चुकले," ती म्हणाली. "मी लपवलं. पण तुम्ही काहून गप्प राहिले? तुमचं तर पोट होतं." सरांनी सुटलेलं बटण स्वतःच लावायला घेतलं. रिक्षावाल्यानं बाहेरून भोंगा वाजवला.

रिक्षात सरांचं डोकं तिच्या खांद्यावर येऊन पडलं. तिनं ते पडू दिलं. पिशवी मांडीवर होती, अजून कोमट, त्यांच्या अंगाइतकी कोमट. दत्त चौकात गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा बाजूच्या स्कूटरवरच्या बाईनं पिशवीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. शोभाच्या ओठांवर काही नव्हतं, ना आकडा ना पायरी. असं रिकामं तोंड तिला सवयीचं नव्हतं, सारखं वाटत होतं की काहीतरी म्हणायचं राहिलंय.

डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली, पोट दाबलं, तोंडात काहीतरी पुटपुटले. रक्त घेतलं, सलाईन लागली. बाहेर येऊन ते शोभाला म्हणाले की नळी काढावी लागेल, आजच. पुन्हा बसवता येईल का हे सांगता येत नाही, बहुतेक नाही. तोपर्यंत मांडीतल्या शिरेतून डायलिसिसचं काहीतरी बघू, पण ताई, घरच्यांना बोलावून घ्या. पियूषला फोन करायला हवा होता. तिनं केला. तो विमानाचं बघतो म्हणाला, आणि बाबांना नमस्कार सांग म्हणायचं विसरला.

जया फॉर्म घेऊन कॉटशी आली. सर डोळे मिटून पडले होते, पण ते जागे आहेत हे शोभाला त्यांच्या कपाळावरून कळत होतं. जयानं तारीख लिहिली. पदर लागल्याची वेळ विचारली. शोभानं सांगितली, पाच वाजून पाच-सात मिनिटं. नळी कोणी जोडली? मी. त्यानंतर किती वेळा पाणी भरलं? त्याच वेळी एकदा, त्यानंतर सहादा. आता फक्त काढलं. पाणी पहिल्यांदा गढूळ कधी? आज सकाळी सात. तेव्हा कळवलं? नाही. कारण? शोभा म्हणाली, भीती वाटली. जया लिहीत होती, मान खाली घालून, भराभर. लिहून झालं. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म घडी करायला घेतला. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"थांब, अजून एक लिही," शोभा म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. सरांचे डोळे उघडले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच सांगितलं, "ह्यांनी पाहिलं होतं. लागला तेव्हाच पाहिलं होतं. दोन दिवस ह्यांनाही माहीत होतं."

जयानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग तिनं पेनाचं टोपण काढलं.